वलगावात धान नाही, तरी धानातल्या ‘स्विच’ची गोष्ट वऱ्हाडच्या शेतकऱ्याने का वाचावी?

डीएपीची टंचाई, सोबत गळ्यात पडणाऱ्या बाटल्या आणि नवे जनुक-संपादित बियाणे : तिन्हीची गाठ पिकाच्या पेशीत

वलगाव (ता. अमरावती), प्रतिनिधी : मृग लागला की कृषी केंद्राच्या काउंटरवर दरवर्षी तेच चित्र दिसते. शेतकरी डीएपीच्या दोन बॅगा मागतो. कधी माल नसतो, तर कधी असतो पण एकटा मिळत नाही. बॅगेसोबत एखादी बाटली पुढे सरकवली जाते. बाटलीवर हिरवेगार पान छापलेले असते आणि सांगणारा म्हणतो, ‘भाऊ, हे फवारलं का पिकाच्या आतलं बटन चालू होते. पानी नाही आलं तरी पीक तग धरते.’ शेतकरी बाटली उलटीसुलटी करून पाहतो. पेरणी डोक्यावर असते, मागे रांग लागलेली असते. शेवटी बाटली पिशवीत जाते अन् पाचशे-सातशे रुपये खिशातून जातात.

आता या बोलण्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. पिकाच्या आत बटण असते. एक नाही, हजारो असतात. पाणी तुटले, मुळाशी पाणी साचले, जमीन खारावली, रोग आला की ही बटणे चालू-बंद होतात आणि पीक त्यावरूनच आपले वागणे ठरवते. ती बाटलीतून चालू होतात का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला धानाकडे जावे लागते, कारण या बटणांचा अभ्यास पिकांमध्ये जितका धानावर झाला तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या पिकावर झाला असेल.

वलगावच्या शिवारात धान नाही. इथे सोयाबीन, पऱ्हाटी, तूर. जिल्ह्यात धान पाहायचे तर मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे जावे लागते, आणि धानाचा खरा मुलूख म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. तरीही धानात जे घडले ते उद्या सोयाबीन-तुरीच्या बियाण्यात येऊ घातले आहे. म्हणून ही गोष्ट समजून घेणे वऱ्हाडच्या फायद्याचे आहे.

बटण म्हणजे नेमके काय?

पिकाच्या प्रत्येक पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आठवते, पण पेशीतली प्रथिने ही कामकरी मंडळी असतात. कोणी अन्न बनवते, कोणी पाणी आत-बाहेर सोडते, कोणी वाढीचा निरोप पोहोचवते. ही सगळी एकाच वेळी कामाला लागली तर पिकाचा नुसता खर्च होईल. म्हणून कोणाला कधी उठवायचे आणि कोणाला कधी बसवायचे याची सोय निसर्गाने केली आहे.

ती सोय म्हणजे फॉस्फेटचा एक कण. स्फुरद आणि ऑक्सिजन मिळून झालेला हा छोटा गट प्रथिनाला ठरावीक जागी चिकटतो. त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे प्रथिनाचा आकार थोडा बदलतो. आकार बदलला की काम बदलते. झोपलेले प्रथिन जागे होते किंवा जागे असलेले झोपते. या क्रियेला शास्त्रज्ञ फॉस्फोरिलेशन म्हणतात.

विहिरीवरच्या मोटरपंपाचे उदाहरण घ्या. मोटर बसवलेली असते, पाइप जोडलेला असतो, पण स्टार्टर दाबल्याशिवाय पाणी येत नाही. पेशीत फॉस्फेट चिकटवून हा स्टार्टर दाबणाऱ्या प्रथिनांना ‘कायनेज’ म्हणतात. फॉस्फेट काढून घेऊन पूर्वस्थिती आणणाऱ्यांना ‘फॉस्फेटेज’ म्हणतात. एक लावणारा, एक काढणारा. दोघांच्या तोलावर पीक चालते.

ही गोष्ट पहिल्यांदा कळली ती पिकात नव्हे, तर जनावराच्या स्नायूत. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स या अमेरिकेत काम करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास ती शोधली आणि १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. माणसाच्या शरीरात कायनेज पाचशेच्या आसपास आहेत. धानात चौदाशेहून अधिक. कारण साधे आहे. ऊन लागले तर माणूस सावलीत जातो. धानाला बांधीतून उठून जाता येत नाही. जे काही सोसायचे ते जागेवर उभे राहून सोसायचे, म्हणून त्याला बटणे जास्त लागतात.

पाणी तुटले की पिकात काय होते?

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला पावसाचा खंड सांगावा लागत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात दुपारी पाने मान टाकत आणि सकाळी पुन्हा ताठ दिसत. ते पाहताना आत काय चालले होते?

माती सुकू लागली की झाडात अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड नावाचे संप्रेरक वाढते. हा झाडाचा धोक्याचा निरोप. एरवी एक फॉस्फेटेज एका कायनेजला दाबून बसलेले असते, म्हणजे काढणारा लावणाऱ्याला उठूच देत नाही. संप्रेरक आले की ते एका ग्राहक प्रथिनाला बसते आणि ते ग्राहक प्रथिन जाऊन फॉस्फेटेजला पकडून ठेवते. कायनेज मोकळे होते. ते पानावरच्या छिद्रांजवळच्या प्रथिनांना फॉस्फेट लावते, छिद्रे मिटतात आणि पाण्याची वाफ होणे कमी होते. त्याच वेळी पेशीच्या केंद्रात निरोप जाऊन दुष्काळात लागणारी जनुके चालू होतात.

या साखळीत दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. पहिली, छिद्रे मिटली की पाणी वाचते, पण हवेतला कार्बनही आत येत नाही आणि वाढ थांबते. म्हणजे बटण दाबून ठेवणे हा फायदाच असतो असे नाही. वेळेवर दाबणे आणि वेळेवर सोडणे यात खरे कसब आहे. दुसरी, ही सगळी यंत्रणा बियाण्यातून येते. कोणते वाण किती लवकर छिद्रे मिटते आणि पाऊस आल्यावर किती लवकर सावरते, हे त्याच्या जनुकांत लिहिलेले असते.

धानच का?

धानाची संपूर्ण जनुकीय कुंडली २००५ मध्ये जगासमोर आली. त्या आंतरराष्ट्रीय कामात भारतही होता. ११ व्या गुणसूत्राच्या कामात दिल्लीच्या संस्थांचा वाटा होता. धानाची कुंडली आकाराने लहान, पऱ्हाटी-सोयाबीनची त्याहून बरीच मोठी आणि गुंतागुंतीची. म्हणून पिकातली बटणे शोधणारे आधी धानाकडे वळले.

त्यातून काय हाती लागले, याची ताजी उदाहरणे देशातच आहेत. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत धानाची दोन जनुक-संपादित वाणे जाहीर केली. एक हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेचे ‘डीआरआर धान १००’, म्हणजेच ‘कमला’. दुसरे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा डीएसटी राइस १’. कमला हे सांबा मसुरीवरून केले, तर पुसा डीएसटी हे ‘एमटीयू १०१०’वरून. शिफारशीच्या राज्यांत महाराष्ट्राचेही नाव आहे.

बातम्यांमध्ये ही दोन वेगवेगळी वाणे म्हणून आली आणि ती आहेतही वेगळी. पण ज्या दोन जनुकांत बदल केला ती एकाच साखळीतले दोन दुवे आहेत.

एक साखळी, दोन वाणे

साखळी अशी. धानाच्या पेशीच्या भिंतीलगत एक कायनेज बसलेले असते. ते बाहेरचा निरोप घेते आणि आतल्या कायनेजकडे देते. ते पुढच्याला, पुढचे त्याच्या पुढच्याला. विहिरीपासून वावरापर्यंत माणसे उभी करून हातोहात बादली द्यावी तसे. इथे बादलीच्या जागी फॉस्फेट लावण्याचे काम पुढे जाते. शेवटचे कायनेज डीएसटी नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट लावते आणि डीएसटीचा जोर वाढतो.

जोर वाढलेले डीएसटी मग एका जनुकाला चालू करते. त्याचे नाव जीएन१ए. हे जनुक जे प्रथिन बनवते ते सायटोकायनिन नावाचे संप्रेरक मोडून टाकते. सायटोकायनिन लोंबीच्या टोकाशी भरपूर असेल तर दाण्याच्या जागा जास्त तयार होतात. मोडले गेले तर कमी. म्हणजे फॉस्फेट लागले, डीएसटी जोरात आले, जीएन१ए चालू झाले, संप्रेरक मोडले आणि लोंबीत दाणे कमी झाले. जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये जीएन१ए शोधले. डीएसटी २००९ मध्ये चीनमध्ये सापडले. आणि डीएसटीला फॉस्फेट लावणारी कायनेजची रांग २०२० मध्ये स्पष्ट झाली.

आता आपली दोन वाणे पाहा. कमला वाणात साखळीच्या शेवटी असलेले जीएन१ए जनुक कमजोर केले. संप्रेरक मोडणारा हात ढिला पडला, म्हणून दाणे वाढले. पुसा डीएसटीमध्ये त्याच्या आधीचा दुवा, खुद्द डीएसटीच, निकामी केला. डीएसटी हे दाण्यांशिवाय पानावरच्या छिद्रांचाही कारभार पाहते. ते गेले की पानावर छिद्रे कमी राहतात, पाणी कमी उडते आणि दुष्काळ व क्षार सोसण्याची ताकद वाढते.

सरकारने दिलेल्या माहितीनुसार कमला मूळ वाणापेक्षा सुमारे १९ टक्के जास्त उत्पादन देते आणि साधारण २० दिवस आधी, म्हणजे १३० दिवसांच्या आसपास निघते. पुसा डीएसटी खारवट आणि चोपण जमिनीत ९.६६ ते ३०.४ टक्के जास्त उत्पादन देते, असे सांगण्यात आले.

खारवट जमीन म्हटल्यावर वऱ्हाडचे कान टवकारले पाहिजेत. वलगावला लागून वाहणारी पेढी पुढे भातकुलीकडून पूर्णेला मिळते आणि तिथून खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे, जमीन चोपण. धान तिथे कोणी लावणार नाही. पण क्षार सोसणारे हरभरा, तूर किंवा सोयाबीन कोणाला नको?

आक्षेपही ऐकले पाहिजेत

नवीन बियाणे म्हटले की वऱ्हाडचा शेतकरी आधी मागे पाहतो आणि ते बरोबरच आहे. बीटी कापूस २००२ मध्ये आला. सुरुवातीला बोंडअळी हटली, पुढे गुलाबी बोंडअळीने त्याला दाद दिली नाही आणि बियाणे दरवर्षी विकत घेण्याची सवय तेवढी कायम राहिली.

जनुक-संपादन आणि बीटी यात फरक आहे. बीटीत बाहेरच्या जिवाणूचे जनुक आणून घातले. या दोन धानांमध्ये बाहेरचे जनुक ठेवलेले नाही, आहे त्याच जनुकात छोटा बदल केला. याच कारणाने केंद्राने मार्च २०२२ मध्ये अशा पिकांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. या सुटीलाच काही संघटनांचा विरोध आहे. त्यांचे म्हणणे असे, की बदल छोटा असला तरी चाचणी मोठी हवी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जीएम-विरोधी संघटनांनी चाचण्यांचे आकडेच काढून दाखवले आणि काही ठिकाणी ही वाणे मूळ वाणापेक्षा सरस ठरली नसल्याचा आरोप केला. भारतीय कृषी संशोधन परिषदेने तो फेटाळला.

दुसरा मुद्दा मालकीचा. ज्या ‘क्रिस्पर’ तंत्राने हा बदल केला त्याला २०२० चे नोबेल मिळाले आणि त्याची पेटंट परदेशी संस्था आणि कंपन्यांच्या हाती आहेत. दोन्ही वाणे सरकारी संस्थांनी केली ही चांगली गोष्ट. पण बियाणे वावरात पोहोचेल तेव्हा शेतकऱ्याला ते घरचे म्हणून पुढच्या वर्षी ठेवता येईल काय, यावर सरकारने आधीच स्पष्ट बोलले पाहिजे. सोयाबीनचे घरचे बियाणे राखणाऱ्या वऱ्हाडात हा प्रश्न छोटा नाही.

बटण जुन्या गावरान वाणात सापडते

या सगळ्या संशोधनात एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. उपयोगाची बटणे बहुतेक वेळा जुन्या, कमी पिकणाऱ्या, मागे पडलेल्या वाणांत सापडली आहेत.

कासलथ नावाचे भारतीय उपखंडातले जुने धान आहे. स्फुरद कमी असलेल्या जमिनीतही ते तग धरते. का, याचा शोध जपान आणि फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेत वर्षानुवर्षे चालला आणि २०१२ मध्ये त्यामागचे जनुक सापडले. नाव ठेवले पीस्टॉल१. हे जनुक एक कायनेज बनवते, म्हणजे फॉस्फेट लावणारे प्रथिन. ते रोपट्याच्या कोवळ्या वयातच मुळ्यांचा पसारा वाढवते. मुळी जास्त जागी पोहोचली की जमिनीत अडकलेले स्फुरद जास्त मिळते. आणि ज्या नव्या वाणांना भरपूर खत देऊन निवडले गेले, त्यांतल्या कित्येकांत हे जनुक उरलेच नव्हते. भरल्या ताटावर वाढलेल्या पिकाला शोधून खायची सवय राहिली नाही, असेच म्हणायचे.

ओडिशाचे एफआर१३ए हे दुसरे उदाहरण. पुरात बुडून जवळपास दोन आठवडे जिवंत राहणारे हे जुने धान. त्यातले सब१ए जनुक स्वर्णा वाणात आणून ‘स्वर्णा सब१’ तयार झाले आणि २००९ मध्ये भारतात प्रसारित झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेने २०१६ मध्ये दाखवले की एक कायनेज सब१ए प्रथिनाला फॉस्फेट लावते आणि बुडालेले रोप सावरण्यात त्याचा हात असतो.

विदर्भाला हे नवीन नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून दीड एकराच्या आसपासच्या वावरात लोंब्या निवडून एचएमटी धान घडवले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, पाहणारी नजर होती. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही एचएमटी आणले आणि श्रेयाचा वाद झाला. २०१८ च्या जूनमध्ये दादाजी गेले. त्यांनी लोंबी पाहून जे निवडले, ते शास्त्रज्ञ आज जनुक पाहून निवडतात. दोघांनाही कच्चा माल लागतो तो गावरान बियाण्याचाच. ते बियाणे घराच्या कणगीतून गेले तर ते बटणही गेले.

मग डीएपी जास्त टाकले तर बटणे जास्त लागतील काय?

हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. बटण फॉस्फेटचे, डीएपीतही फॉस्फेट. उत्तर आहे, नाही.

बटणाला लागणारे फॉस्फेट फार थोडे असते. पेशीत एटीपी नावाचा ऊर्जेचा साठा असतो, त्यातून एक कण घेतला जातो, काम झाले की सुटतो आणि पुन्हा वापरात येतो. पिकाला स्फुरद लागते ते मुळ्या, फुटवे, फुले, दाणे घडवायला. ते कमी पडले तर पीक खुरटते. पण गरजेपेक्षा जास्त टाकल्याने दुष्काळ सोसण्याचे बटण जास्त जोरात दाबले जात नाही.

उलट वऱ्हाडच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत टाकलेल्या स्फुरदाचा मोठा वाटा चुन्याशी बांधला जातो आणि त्या हंगामात पिकाला मिळत नाही. म्हणजे कित्येक वावरांत स्फुरद आहे, पण कुलपात आहे. म्हणूनच पीस्टॉल१ सारखे मुळ्या पसरवणारे बटण आपल्याकडे महत्त्वाचे. त्याने कुलूप तुटत नाही, पण मुळीचा हात लांब पोहोचतो.

आता बाटलीचा हिशेब करा. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत ४६ टक्के म्हणजे २३ किलो स्फुरद आणि १८ टक्के म्हणजे ९ किलो नत्र असते. बॅगेची किंमत १,३५० रुपये. नॅनो डीएपीच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत १६ टक्के धरले तर ८० ग्रॅमच्या आसपास स्फुरद. कंपन्या सांगतात की कण अतिसूक्ष्म असल्याने पान ते पूर्ण घेते. घेतही असेल. पण ८० ग्रॅम म्हणजे २३ किलो नव्हे, हे वजनकाट्यावर कळते. बाटली ही पूरक म्हणून घ्यायची की बॅगेच्या बदल्यात, हे शेतकऱ्याने आपल्या वावरातल्या दोन तासांवर फवारून आणि दोन तास सोडून स्वतः पाहावे.

बायोस्टिम्युलंटची गोष्ट वेगळी. २०२१ पर्यंत त्यांना खत नियंत्रण आदेशाचा लगामच नव्हता. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सांगितले की देशात एके काळी अशी सुमारे ३० हजार उत्पादने विकली जात होती आणि तपासणी कडक झाल्यावर ती साडेसहाशेच्या आसपास उरली. याचा अर्थ उरलेली सगळी निकामी असा नाही. समुद्रशेवाळासारख्या काही अर्कांचा पिकाला उपयोग होतो. पण ज्यांनी कधी चाचणीचा कागद दाखवला नाही, त्यांच्या बाटल्या किती वर्षे किती घरांतून पैसे घेऊन गेल्या, याचा हिशेब कोण देणार? त्याच महिन्यात मंत्र्यांनी सर्व राज्यांना पत्र लिहून डीएपी-युरियासोबत नॅनो खते आणि बायोस्टिम्युलंट बळजबरीने देणे थांबवायला सांगितले. पत्र निघाले म्हणजे लिंकिंग थांबली असे होत नाही. ती काउंटरवर थांबवावी लागते.

वऱ्हाडने काय मागावे?

जनुक-संपादनासाठी केंद्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ५०० कोटी रुपये ठेवल्याचे सांगितले आणि तेलबिया-कडधान्यांवर काम सुरू असल्याचेही सांगितले. म्हणजे सोयाबीन आणि तूर यादीत आहेत. धानाला वाट सापडायला जीएन१ए च्या शोधापासून वाण जाहीर होईपर्यंत २० वर्षे लागली. आपल्या पिकांना तेवढा वेळ देण्याची ऐपत वऱ्हाडात नाही.

म्हणून मागणी तीन गोष्टींची हवी. एक, ऑगस्टचा खंड आणि सप्टेंबरचे साचलेले पाणी दोन्ही सोसणारे सोयाबीन, आणि खारपाणपट्ट्यात टिकणारा हरभरा, हे सरकारी संस्थांच्या कामात वरच्या क्रमांकावर यावे. दोन, नव्या वाणाची चाचणी आपल्याच जिल्ह्यात, कोरडवाहू वावरात व्हावी आणि तिचे आकडे मराठीत, मोबाइलवर, सगळ्यांना पाहता यावेत. चांगले आले तेही आणि वाईट आले तेही. तीन, बियाणे ठेवण्याचा हक्क कागदावर लिहून मिळावा.

ग्रामसभेत रस्ता-नालीचे ठराव होतात. बियाण्याचाही एक ठराव करून कृषी विद्यापीठाला पाठवायला कोणाची आडकाठी नाही.

या हंगामात हाती असलेले उपाय

नवे बियाणे येईल तेव्हा येईल. पेरणी तर यंदाच करायची आहे. त्यासाठी चार गोष्टी :

माती तपासून घ्या. स्फुरद भरपूर निघाले तर डीएपी कमी करून पैसा वाचतो.

स्फुरद जमिनीत फारसे सरकत नाही. म्हणून खत वरून फेकू नका, पेरणीसोबत बियाण्याच्या खाली पडेल असे पेरा. सोबत स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची, म्हणजे पीएसबीची बीजप्रक्रिया करा. खर्च थोडा आहे.

डीएपी नसेल तर अडून राहू नका. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ३ बॅगा म्हणजे २४ किलो स्फुरद, आणि अर्धी बॅग युरिया म्हणजे जवळपास १० किलो नत्र. डीएपीच्या एका बॅगेचे काम होते. वरून गंधक मिळते, ते सोयाबीनला लागतेच.

बॅगेसोबत बाटली बळजबरीने दिली तर पक्के बिल मागा. बिलावर दोन्हीची नावे आली की पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करायला कागद हाती राहतो. बिलाशिवाय तक्रार हवेत जाते. आणि उद्या कोणी ‘संपादित सोयाबीन’ म्हणून चोरून पाकीट विकू लागला, तर तो फसवतोय असे समजा. असे वाण येईल तेव्हा उघड जाहीर होऊन, लेबल लावून येईल.

पेढीच्या काठी, याच वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचे कीर्तन म्हणजे समोर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारणे. उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. काउंटरवर बाटली पुढे आली तर तेवढेच करायचे आहे. ‘बावा, हे कोनतं बटन चालू करते? कोन्या पिकात पाह्यलं? कागद हाय काय?’ उत्तर आले तर घ्या. नाही आले तर बाटली तिथेच ठेवून बॅग घेऊन घरी या.